फ्लॉपी ड्राइव्हवर ज्याचं नाव होतं, त्यालाच स्वतःचं नाव कंपनीला देता आलं नाही

टक्. घर्रर्र. टक्-टक्-टक्-टक्-टक्.

ॲपल टू कॉम्प्युटरसाठी १९७८ साली आलेली डिस्क टू नावाची फ्लॉपी ड्राइव्ह चालू केली की पहिल्यांदा हा आवाज येतो. जुने कॉम्प्युटर जिवंत ठेवायचा नाद असलेली मंडळी जगभर आहेत. त्यातला एखादा नवखा गडी पहिल्यांदा ही ड्राइव्ह लावतो, आवाज ऐकतो आणि घाबरून स्विच बंद करतो. त्याला वाटतं, आतलं काहीतरी तुटलं.

तुटलेलं काहीच नसतं.

फ्लॉपीवर माहिती गोल गोल रेषांमध्ये लिहिलेली असते, त्यांना ट्रॅक म्हणतात. वाचणारं हेड आधी शून्य नंबरच्या ट्रॅकवर न्यावं लागतं, तिथून मोजत मोजत पुढं जायचं. आता हेड शून्यावर पोहोचलं हे कळायला बाकीच्या ड्राइव्हमध्ये एक सेन्सर असायचा. ॲपलच्या स्टीव्ह वॉझ्नियाकनं खर्च वाचवायला तो काढूनच टाकला. त्याऐवजी हेडला इतकी पावलं मागं ढकलायचं, की ते कुठंही असलं तरी शेवटच्या अडसरावर जाऊन धडकेल. लाइट गेल्यावर आपण हात पुढं करून भिंत लागेपर्यंत चालतो ना, अगदी तसंच. ती टक्-टक् म्हणजे हेड भिंतीवर आपटल्याचा आवाज.

त्या ड्राइव्हच्या डब्यावर नाव ॲपलचं होतं, पण आतली यंत्रणा शुगार्ट असोसिएट्स नावाच्या कंपनीची होती. आणि ज्याच्या आडनावावरून त्या कंपनीचं नाव पडलं, तो ॲलन शुगार्ट तिथून चार वर्षांपूर्वीच बाहेर पडला होता. त्या काळात तो समुद्रावर मासे पकडत होता.

आमच्या पिढीनं फ्लॉपी बघितली ती फक्त सेव्हच्या चिन्हात. तिच्यामागच्या या माणसाचं नाव मला स्वतःलाही परवापर्यंत माहीत नव्हतं. पण आज आपला फोन सोडला तर जगातला बहुतेक डेटा ज्या फिरत्या चकत्यांवर पडून आहे, त्या चकत्या टेबलावर आणण्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे. आणि त्याच्या आयुष्याची सुरुवात कुठल्या लॅबमध्ये नाही, तर पान्हे-स्क्रू-ड्रायव्हरच्या पिशवीपासून झाली होती.

शुगार्टचा जन्म २७ सप्टेंबर १९३० चा, लॉस एंजेलिसमधला. कॅलिफोर्नियातल्याच रेडलँड्स विद्यापीठातून त्यानं इंजिनिअरिंग फिजिक्समध्ये डिग्री घेतली आणि १९५१ साली आयबीएममध्ये नोकरीला लागला. पद होतं फील्ड इंजिनिअर. ऐकायला भारी वाटतं, पण काम काय? तर ऑफिसोऑफिसी फिरून बंद पडलेली मशिनं दुरुस्त करायची.

त्या वेळी आयबीएमची मशिनं म्हणजे आजच्यासारखा कॉम्प्युटर नव्हे. भोकं पाडलेली कार्डं वाचणारी, त्यांची वर्गवारी करणारी, हिशेब छापणारी लोखंडी धुडं. आत रोलर, कॅम, गिअर, रिले. बँका आणि विमा कंपन्यांचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालायचा, त्यामुळं एक मशीन बसलं की अख्खं ऑफिस बसायचं. अशा यंत्राचा बिघाड डोळ्यांच्या आधी कानाला कळतो. गॅरेजवाला मिस्त्री गाडी सुरू करून बॉनेटला कान लावतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय. त्यातलाच हा धंदा.

चार वर्षं ही हमाली केल्यावर १९५५ साली शुगार्टची बदली सॅन होजेला झाली. तिथं आयबीएमची एक छोटी प्रयोगशाळा होती आणि रेनॉल्ड जॉन्सन नावाचा, एकेकाळी शाळेत शिकवणारा माणूस ती चालवत होता. त्याच्या टीमच्या डोक्यात एक वेडगळ वाटणारी कल्पना होती. कार्डांचे गठ्ठे एकामागून एक वाचत बसण्यापेक्षा, फिरत्या चकत्यांवर माहिती लिहायची आणि हवी ती थेट जाऊन उचलायची.

१९५६ च्या सप्टेंबरमध्ये ते मशीन जगासमोर आलं. नाव रॅमॅक. त्यातल्या डिस्कच्या भागात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला १२०० फेरे घ्यायच्या. मावायची किती माहिती? ५० लाख अक्षरं. आज व्हॉट्सॲपवर सकाळी येणारे शुभ सकाळचे दोन-चार फोटो जेवढी जागा खातात, साधारण तेवढी. वजन एक टनाच्या वर. ५० चकत्यांसाठी हेडचा हात मात्र एकच, तो लिफ्टसारखा वर-खाली जायचा आणि हव्या त्या चकतीत शिरायचा. हेड चकतीला घासू नये म्हणून कॉम्प्रेसरनं हवेचा झोत सोडावा लागायचा. म्हणजे जगातली पहिली हार्ड डिस्क चालायला शेजारी एअर कॉम्प्रेसर गुरगुरत ठेवावा लागायचा.

शुगार्ट या कामात पडला आणि मग त्यातच वाढला. साठच्या दशकात तो एकेक पायरी चढत आयबीएमच्या डिस्क उत्पादनांचा मॅनेजर झाला. कंपनीला तगडा नफा मिळवून देणाऱ्या खात्यांपैकी हे एक खातं.

फ्लॉपीचा जन्म त्याच्याच हाताखाली झाला. आयबीएमला आपल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या आत एक छोटा प्रोग्रॅम भरण्यासाठी काहीतरी स्वस्त साधन हवं होतं, जे पोस्टानं पाठवता येईल. १९६७ मध्ये डेव्हिड नोबल या इंजिनिअरकडं ते काम आलं. त्यातून निघाली आठ इंच व्यासाची, हातात धरली की लवणारी प्लॅस्टिकची चकती. ८० किलोबाइटची.

पण उघड्या चकतीवर धूळ बसायची आणि वाचताना चुका व्हायच्या. मग टीमनं ती एका पाकिटात घातली आणि पाकिटाला आतून मऊ कापडाचं अस्तर लावलं. चकती फिरेल तशी आपोआप पुसली जाईल, ही आयडिया. फ्लॉपी फिरताना जो खस्-खस् आवाज येतो तो त्या अस्तराचा. तो आवाज चांगला. तो तसाच असला पाहिजे.

१९७१ मध्ये ही फ्लॉपी बाजारात आली. तोपर्यंत शुगार्टनं आयबीएम सोडली होती.

१९६९ मध्ये तो मेमोरेक्स कंपनीत गेला. आयबीएमच्या कॉम्प्युटरला जोडता येतील अशा, पण आयबीएमपेक्षा स्वस्त डिस्क विकायच्या हा मेमोरेक्सचा धंदा. त्याच्या मागोमाग आयबीएमचे सुमारे २०० इंजिनिअर निघून गेले असं सांगितलं जातं. आकडा थोडा इकडंतिकडं धरला तरी मुद्दा कळतो. माणसं कंपनीपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवून नोकरी बदलत होती. मेमोरेक्समध्ये त्याच्या टीमनं १९७२ मध्ये ६५० नावाची फ्लॉपी ड्राइव्ह काढली. आयबीएमबाहेर विकत मिळणाऱ्या पहिल्या काही ड्राइव्हपैकी ही एक.

मग आलं १९७३. शुगार्टनं स्वतःची कंपनी काढली आणि नाव दिलं शुगार्ट असोसिएट्स.

इथं गोष्टीला वळण लागतं. शुगार्टला नुसती फ्लॉपी ड्राइव्ह बनवायची नव्हती. छोट्या व्यापाऱ्यांसाठी अख्खा कॉम्प्युटर बनवायचा, त्याचा प्रिंटर आपला, ड्राइव्ह आपली, सगळंच आपलं, असा त्याचा बेत होता. पैसे गुंतवणाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. ड्राइव्ह तयार आहे, गिऱ्हाईक दारात आहे, मग ती विका आणि पैसे कमवा. पैसा संपत चालला होता, कॉम्प्युटर काही तयार होत नव्हता. १९७४ मध्ये शुगार्ट कंपनीतून बाहेर पडला. त्याला काढलं की तो स्वतः उठून गेला, याच्या दोन बाजूंच्या दोन कथा आहेत. पण स्वतःच्या नावाच्या कंपनीत त्याला खुर्ची उरली नाही, एवढं खरं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर गुंतवणूकदारांचं बरोबर होतं. पुढं ती कंपनी चालली ती ड्राइव्हवरच. पण ज्याच्या दारावर पाटी त्याचीच, आणि घराबाहेरही तोच, हे बघायला सोपं नसतं.

चाळिशीतला हा माणूस मग सांताक्रूझला गेला. मित्रांबरोबर एक बार चालवला. सामन मासे पकडायची बोट घेतली आणि पोटासाठी खरोखर मासेमारी केली. अधूनमधून कंपन्यांना सल्ले द्यायचा. साधारण पाच वर्षं अशीच गेली.

आणि याच पाच वर्षांत त्याचं नाव जगभर पसरलं. त्याच्याशिवाय.

झालं असं की वँग लॅबोरेटरीज नावाची कंपनी टेबलावर ठेवायचं टायपिंगचं मशीन बनवत होती आणि आठ इंची ड्राइव्ह त्यांना फारच मोठी वाटत होती. त्यांनी शुगार्ट असोसिएट्सकडं लहान ड्राइव्ह मागितली. १९७६ मध्ये कंपनीनं सव्वापाच इंची फ्लॉपीची ड्राइव्ह आणली, एसए-४००. किंमत ३९० डॉलर. घरगुती कॉम्प्युटरची लाट नुकतीच उठत होती आणि तोवर लोक प्रोग्रॅम साठवायला गाण्याच्या कॅसेट वापरायचे. एक प्रोग्रॅम चढवायचा तर कित्येक मिनिटं कॅसेट वाजत ठेवायची. या ड्राइव्हनं तो ताप संपवला. ॲपलच्या डिस्क टूमध्ये गेली ती हिचीच, बरंचसं सर्किट काढून टाकलेली बहीण, एसए-३९०.

या ड्राइव्हच्या आत डोकावून बघू, कारण आज ज्यांच्या टेबलावर ती उघडी पडलेली असते त्यांचा सगळा वेळ इथंच जातो.

एक छोटी मोटर रबरी पट्ट्यानं मोठं चाक फिरवते आणि त्या चाकाबरोबर फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते. दुसरी मोटर असते तिला स्टेपर म्हणतात. ती सलग फिरत नाही, ठरावीक पावलं टाकते. तिच्या टोकाला प्लॅस्टिकची एक चकती, त्या चकतीवर जिलबीसारखी गोल गोल आत जाणारी खाच, आणि त्या खाचेत अडकलेला हेडचा पाय. मोटरनं पाऊल टाकलं की खाच सरकते आणि हेड दोन दांड्यांवरून एक ट्रॅक पुढं किंवा मागं जातं. ३५ ट्रॅक, बस्स.

आता ही ड्राइव्ह ओरडायला लागली तर? कुठला आवाज आहे ते आधी ऐकायचं, पेचकस नंतर.

आत फ्लॉपी नसताना सारखी एका लयीत कुरकुर येत असेल तर पट्टा किंवा बेअरिंग. पट्टा चाळीस-पन्नास वर्षांत ताठरतो, सैल पडतो, मग घसरतो. तो बदलायचा. बेअरिंगमधलं ग्रीस वाळून खडा झालेलं असतं, तिथं जुनं साफ केल्याशिवाय नवं तेल घालण्यात अर्थ नाही. जुन्या चिकट्यावर तेल सोडलं की दोन दिवस शांतता मिळते आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा मोठी बोंब.

हेड सरकताना खरखर होत असेल तर त्या दोन दांड्या बघायच्या. अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून घ्यायच्या आणि शिलाई मशीनच्या तेलासारखं पातळ तेल, तेही बोटाला लावून पुसून टाकल्यावर जेवढं उरेल तेवढंच. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण.

आणि फ्लॉपी घातल्यावर कर्रर्र अशी किंचाळी आली तर एक सेकंदही न थांबता फ्लॉपी बाहेर काढायची. हा सगळ्यात वाईट आवाज. चकतीवरचा चुंबकीय थर सुटून हेडला चिकटतो आणि मग हेड पुढच्या फेरीला चकतीला खरवडत जातं. जो डेटा वाचवायला आपण बसलो तोच आपण खरवडून काढत असतो. या जुन्या ड्राइव्हमध्ये हेड एकाच बाजूला असतं आणि समोरच्या बाजूनं फ्लॉपी दाबून धरायला नमद्याची एक छोटी गादी असते. ती कडक झाली, झिजली की तीसुद्धा असंच ओरखडते. हेड पुसायचं, गादी बदलायची, आणि महत्त्वाची फ्लॉपी घालायच्या आधी एखादी बिनकामाची घालून बघायची.

१९७७ मध्ये झेरॉक्सनं शुगार्ट असोसिएट्स विकत घेतली. ॲलन शुगार्टचं आडनाव आता झेरॉक्सच्या मालकीचं झालं होतं.

१९७९ मध्ये फिनिस कॉनर त्याच्याकडं एक प्रस्ताव घेऊन आला. दोघं जुने सहकारी. कॉनरची कल्पना साधी होती. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हसाठी एक खाच तयारच आहे. त्याच खाचेत बसेल एवढी हार्ड डिस्क बनवायची. त्या काळात हार्ड डिस्क म्हणजे वॉशिंग मशीनएवढं धूड असायचं.

शुगार्टनं बोट बाजूला ठेवली. दोघांनी आणखी काही जणांना घेऊन कंपनी काढली आणि तिला नाव दिलं शुगार्ट टेक्नॉलॉजी. माणसाचं स्वतःचं आडनाव, अजून काय नाव देणार?

पण ते नाव तर आधीच विकलं गेलं होतं. नाव वापरलं तर कोर्टात जाऊ असा इशारा आला आणि शुगार्टला आपल्याच आडनावाची पाटी खाली उतरवावी लागली. नवीन नाव शोधलं गेलं. सीगेट.

हो, तीच सीगेट. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा सीसीटीव्हीच्या डब्यात जिची हार्ड डिस्क असण्याची बरीच शक्यता आहे, ती.

१९८० मध्ये सीगेटची एसटी-५०६ आली. फ्लॉपी ड्राइव्हच्या आकाराची, ५ मेगाबाइटची, मिनिटाला ३६०० फेरे घेणारी. लक्षात घ्या, २४ वर्षांपूर्वी ज्या रॅमॅकवर शुगार्टनं काम केलं त्याचीच ही क्षमता. एक टनाचं मशीन आता बुटाच्या खोक्यात मावत होतं. पुढच्याच वर्षी १० मेगाबाइटची एसटी-४१२ आली. आणि १९८३ मध्ये आयबीएमनं आपला पीसी-एक्सटी काढला, त्यात बसवायला निवडली ती हीच एसटी-४१२. जिथं शुगार्ट कधीकाळी मशिनं दुरुस्त करायचा, ती कंपनी आता त्याची गिऱ्हाईक झाली होती.

आपल्याकडं ज्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर क्लास लावला असेल त्यांना एक्सटी हा शब्द नक्की आठवेल. चपला बाहेर काढून एसी खोलीत शिरायचं, मशीन चालू करायचं आणि विमान उडतंय असा तो चढत जाणारा आवाज ऐकत बसायचं.

त्या काळच्या सीगेटमध्ये एसटी-२२५ ही २० मेगाबाइटची डिस्क फार गाजली आणि फार विकली गेली. तिचं एक दुखणंही तितकंच गाजलं. काही वर्षं चालली की ती शिट्टी मारायला लागते. कानठळ्या बसवणारी, वर-खाली होणारी शिट्टी. लोकांना वाटतं, बेअरिंग संपलं, आता डिस्क गेली, बॅकअप घ्या.

बऱ्याचदा बेअरिंग ठणठणीत असतं. डिस्कच्या खालच्या बाजूला धातूची एक पातळ पट्टी असते आणि तिच्या टोकाला कार्बनचं बटण. चकत्यांचा आस जिथं संपतो त्या टोकाला हे बटण टेकलेलं असतं. चकत्या फिरताना त्यांच्यावर स्थिर वीज जमते, ती या बटणातून बाहेर निघून जावी म्हणून ही सोय. हिवाळ्यात स्वेटर काढताना चट्-चट् होतं, ती हीच वीज. तशी ठिणगी डिस्कच्या हेडपाशी उडाली तर डेटाचं काय होईल याचा विचार करा. वर्षानुवर्षं घासून हे बटण गुळगुळीत होतं, मग पट्टी थरथरते आणि शिट्टी वाजते. व्हायोलिनची तार वाजते तसंच.

उपाय काय? पट्टीवर फोमचा किंवा रबराचा बारीक तुकडा चिकटवायचा, म्हणजे थरथर मरते. किंवा पट्टी केसभर सरकवून बटणाची न झिजलेली जागा टेकवायची. काही जण तेलाचा एक अगदी सूक्ष्म थेंब देतात. काही बहाद्दर सरळ पट्टीच उपटून टाकतात. डिस्क शांत होते, पण विजेची वाट बंद झालेली असते. ते करू नये.

मात्र हे सगळं बाहेरून. चकत्यांवरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत हेड चकतीच्या वर एका मायक्रॉनपेक्षाही कमी अंतरावर तरंगत असतं. बोटाचा ठसा त्याच्यापुढं डोंगरासारखा.

आणि एक आवाज असा, जो येतच नाही. डिस्कला वीज दिली, पण ती फिरत नाही, नुसतं हूं करून थांबते. त्या पिढीच्या डिस्कमध्ये वीज बंद झाली की हेड चकतीवरच उतरायचं. खूप वर्षं पडून राहिलं की ते तिथंच चिकटतं. मग जाणकार मंडळी डिस्क सपाट हातात धरून, झाकणाच्या जिन्नसाची बरणी उघडताना देतो तसा मनगटाला एक छोटा झटका देतात. सुटली तर सुटली. सुटली की आधी डेटा काढून घ्यायचा, पुन्हा बंद करायची घाई करायची नाही.

इकडं सीगेट वाढत होती. उत्पादन स्वस्तात व्हावं म्हणून शुगार्टनं फार लवकर कारखाना सिंगापूरला नेला आणि कॅलिफोर्नियातल्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. हवाईयन शर्ट घालून ऑफिसला येणारा, सूट-बूटवाल्यांची टर उडवणारा हा बॉस पैशाच्या बाबतीत मात्र कमालीचा कठोर होता. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना त्या शर्टाचं कौतुक वाटलं नसणार.

कॉनरशीही फाटलं. त्यानं कॉनर पेरिफेरल्स नावाची वेगळी कंपनी काढून सीगेटलाच घाम फोडला. शेवटी १९९६ मध्ये सीगेटनं ती विकत घेतली. त्याआधी १९८९ मध्ये कंट्रोल डेटाचा डिस्कचा धंदा घेऊन झाला होता. १९९२ मध्ये मिनिटाला ७२०० फेरे घेणारी पहिली हार्ड डिस्क, बॅराकुडा, आली. मोठ्या दात असलेल्या शिकारी माशाचं नाव. जुन्या मच्छीमाराची खोड, दुसरं काय.

१९९६ मध्येच शुगार्टनं आणखी एक उद्योग केला. अमेरिकन संसदेच्या निवडणुकीत त्यानं आपला कुत्रा उभा करायचा प्रयत्न केला. कुत्र्याचं नाव अर्नेस्ट, जात बर्नीज माउंटन डॉग. राजकारण्यांना वैतागलेल्या लोकांना एक पर्याय द्यावा, हा विचार. अर्थातच अधिकाऱ्यांनी अर्ज चालू दिला नाही. शुगार्टनं मग त्यावर पुस्तक लिहिलं.

१९९८ च्या जुलैमध्ये सीगेटच्या संचालक मंडळानं त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. डिस्कचा बाजार मंदावला होता आणि कंपनी तोट्यात आली होती. कंपनी त्यानंच उभी केलेली, दार त्यालाच दाखवलेलं. दुसऱ्यांदा. या वेळी तो ६७ वर्षांचा होता, आणि या कंपनीवर निदान त्याचं नाव तरी नव्हतं.

बोटीकडं मात्र तो परतला नाही. नव्या कंपन्यांना मदत करणारी एक फर्म काढली आणि तिला नाव दिलं अल शुगार्ट इंटरनॅशनल. झेरॉक्सनं ऐंशीच्या दशकातच ड्राइव्हचा धंदा गुंडाळला होता. आडनाव अखेर त्याचं त्याला परत मिळालं.

२००० मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात आणखी एक खटपट केली. मतपत्रिकेवर वरीलपैकी कोणीही नाही हा पर्याय छापावा, यासाठी जनमत घ्यायला लावलं. लोकांनी ते नाकारलं. आपल्याकडं २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं नोटाचं बटण आलं, तेव्हा तो हयात नव्हता.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं त्याला फेलो म्हणून गौरवलं. पुढच्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळं १२ डिसेंबर २००६ रोजी माँटेरीत त्याचं निधन झालं. रॅमॅक बाजारात येऊन त्या वर्षी बरोबर ५० वर्षं झाली होती.

तोपर्यंत डिस्क गप्प व्हायला लागल्या होत्या. सीगेटनंच २००१ मध्ये आणलेल्या बॅराकुडाच्या मॉडेलमध्ये पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी तेलाच्या पातळ थरावर फिरणारा आस होता. चालू आहे की बंद, हे कळायला हात लावून बघावं लागायचं. आजच्या एसएसडीत तर फिरणारं काही उरलंच नाही.

जुन्या मशिनांच्या ड्राइव्ह दुरुस्तीच्या पलीकडं गेल्या की आता त्यांच्या जागी एक छोटा डबा बसवतात. त्यात पेनड्राइव्ह खोचला की जुन्या कॉम्प्युटरला वाटतं, फ्लॉपीच लावली आहे. हा डबा पूर्ण मुका असतो. अनेकांना ते सहन होत नाही, म्हणून ते त्याला एक चिमुकला बझर जोडतात. हेड सरकलं असतं त्या प्रत्येक वेळी तो टक्-टक् करतो. या डब्यात जे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लोक घालतात, त्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते, समोरचा कॉम्प्युटर कुठल्या पद्धतीच्या जोडणीचा आहे ते सांगणारी. तिथं लिहायच्या पर्यायांत एक आहे आयबीएम पीसी. आणि दुसरा, शुगार्ट.